जेवायचा हात

नाईलकाठच्या मीत गम्रमध्ये अब्ला अवातिफला, म्हणजे अवातिफबाईला, ओळखत नाही असा माणूस सापडणार नाही, आणि तिच्याकडे आपली मुलगी शिकायला पाठवील असाही माणूस सापडणार नाही. बाईमध्ये खोट एकच. बाई फुकट शिकवते.

अवातिफ मुलींच्या सरकारी शाळेत फिजिक्सची अब्ला आहे. म्हणजे शेवटच्या वर्षाच्या वेळापत्रकात तिचं नाव आहे, वर्गात मुली नाहीत. सानवेयाच्या परीक्षेचं वर्ष म्हणजे शाळेकडे पाठ फिरवायचं वर्ष, हे आमच्याकडे आईबापांपासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांना मान्य. अर्ध्या गुणानं डॉक्टर व्हायचं की हिशेबनीस ते ठरतं, तिथं शाळेच्या भरवशावर कोण राहील? पोरं सेंटरवर जातात. सेंटर म्हणजे खाजगी शिकवणीचा कारखाना, आणि तिथले मास्तर गावभर फलकांवर झळकतात. हाताची घडी, डोळ्यांवर काळा चष्मा, खाली पदवी: केमिस्ट्रीचा सुलतान, गणिताची तोफ. फिजिक्सचा देवमासा म्हणजे उस्ताज तोलबा. त्याचा फलक पुलावर आहे, झिफ्ताकडून येणाऱ्याला आधी तो दिसतो, मग नाईल.

अवातिफनं ठरवलं असतं तर असा एखादा फलक तिचाही लागला असता. शिकवण्यात तिच्या वरचढ कोणी नाही, हे तिचे वैरीसुद्धा कबूल करतात. पण तिच्या डोक्यात एक खिळा लहानपणीच बसला. बाप अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांच्या कारखान्यात कामाला होता. मुलं दोन, शिकवणीचे पैसे एकाचे. अवातिफ मोठी म्हणून तिला शिकवणी लागली आणि तिच्याहून हुशार असलेला भाऊ मगदी बापाशेजारी फिरत्या चाकावर पातेली घडवायला बसला. आजही तिथंच बसतो. त्याला डबा द्यायला गेली असताना एकदा चाकावरचा पत्रा निसटला आणि तिच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी चंद्रकोरीएवढी खूण ठेवून गेला. भाऊ ते विसरलाय. ती विसरलेली नाही.

म्हणून रिकाम्या वर्गात ती शिकवत राहिली. बेंचांना नव्हे, मोबाइलला. मोबाइल धरायला शाळेची शिपाईण उम्म फारूक.

"अब्ला, माझा हात हलला तर बेंचांना चक्कर येईल का?" उम्म फारूक विचारायची.

"तू बोलू नकोस, आवाज येतो."

"येऊ दे. तेवढंच कुणीतरी वर्गात आहे असं वाटेल."

एकेक करत सगळा अभ्यासक्रम तिनं असा चॅनलवर चढवला, टिपणं वर टाकली, आकृत्या टाकल्या, आणि माथ्यावर लिहिलं: घ्या, वाटा, हवं ते बदला. फक्त नाव राहू द्या. एवढ्यावर ती थांबती तर लोकांनी तिला नुसती वेडी म्हटलं असतं. पण ती शाळाशाळांतून फिरून इतर मास्तरांनाही सांगायला लागली की तुमचेही धडे असेच खुले करा. मग मात्र लोक चिडले.

"अब्ला, तुमचा नवरा मायक्रोबस चालवतो म्हणून तुमची चूल पेटते," एक जीवशास्त्राचा मास्तर भर शिक्षकांच्या खोलीत म्हणाला. "आमच्या पोरांच्या तोंडचा घास कशाला गावाला वाटता?"

"तुझा घास नको मला. तुझा पेशीचा धडा दे."

"तोच तर घास आहे!"

सगळे हसले, तीही हसली. तरी दोघेतिघे वळले. अस्वानहून मुलं लिहायला लागली, येमेनहून लागली. खार्तूम सोडून पळालेल्या एका पोरीनं लिहिलं, "अब्ला, आमच्याकडे शाळा उरली नाही, तुम्ही उरलात." ते वाचून अवातिफ शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांदेखत रडली. फक्त मीत गम्रची पोरं तिच्याकडे फिरकली नाहीत. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. इथं तर बाई विकायलाही तयार नव्हती.

घरी मात्र आपलं नाणं चालतं, अशी तिची खात्री होती. मुलगी रवान याच वर्षी सानवेयाला. पाठ्यपुस्तक आणि आईचा चॅनल, दुसरं काही लागत नाही, असं अवातिफ अभिमानानं सांगायची. दुपारी रवान मैत्रिणीकडे अभ्यासाला जायची, बाप तिला जाताजाता मायक्रोबसमधून सोडायचा. यात संशय घ्यावा असं काही नव्हतं.

परीक्षा तोंडावर आली होती. बुधवारची दुपार. अवातिफ मुलुखियाची पानं खुडत बसली होती आणि समोर रवान सराव करत होती. प्रश्न वाचून मुलीनं हात उचलला, मूठ वळली, अंगठा वर केला. विजेची वायर असली की तिच्याभोवतीचं चुंबकत्व कुठल्या बाजूनं फिरतं ते ओळखायची ही युक्ती. अंगठा विजेच्या दिशेनं, बोटं वळतील तिकडे चुंबकत्व. जगातल्या प्रत्येक फिजिक्सवाल्याला येते. फक्त रवाननं हात डावा उचलला होता.

अवातिफची बोटं भाजीतच थांबली. "डावा का उचललास?"

"वायरचा प्रश्न आहे ना. वायरला डावा."

"वायरला डावा? कुणी सांगितलं?"

रवान मान खाली घालून पेनाचं टोपण चावत बसली.

"रवान, कुणी सांगितलं?"

मुलीनं पुस्तकाखालून एक पातळ पुस्तिका काढून टेबलावर सरकवली. हिरवं वेष्टण, त्यावर कारंजं उडवणारा देवमासा. सेंटरची शेवटच्या उजळणीची पुस्तिका. वर्षभराचं सगळं विसरून पोरं शेवटी हीच घोकतात.

"तू तोलबाकडे जातेस?"

"बाबांनी पैसे भरले. ओरडू नकोस आई. सगळ्या जातात. तुझी मुलगी म्हणून मी एकटीनं फुकटात शिकून नापास व्हायचं का?"

अवातिफच्या कानशिलात कुणी भडकावली असती तर एवढं लागलं नसतं. नवऱ्याला ठाऊक, मुलीला ठाऊक, मायक्रोबसमधल्या उतारूंनाही ठाऊक असणार. आंधळी ती एकटीच. तिनं पुस्तिका उघडली, तर मुलीनं दुमडलेलं पान निघालं.

पानावर हाताचं चित्र होतं. मूठ वळलेली, अंगठा वर. डावा हात. अंगठ्याच्या मुळाशी चंद्रकोरीएवढी खूण.

तो तिचा हात होता. पण तिच्या डाव्या हाताला खूण नाही. तिनं दोन्ही हात पुसून कागदाशेजारी ठेवले, एकदा हा पाहिला, एकदा तो पाहिला. क्षणभर तिला वाटलं, आपल्याला वेड लागलं. आपलाच हात उलटा होऊन परक्याच्या पुस्तिकेत जाऊन बसलाय आणि तिथून आपल्याच मुलीला चुकीचं शिकवतोय.

तिनं मोबाइलवर तो धडा लावला, आणि सगळं लख्ख आठवलं. त्या दिवशी उम्म फारूक भाचीच्या मेंदीला गेली होती. अवातिफनं खडूच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा केला, आपल्याला आपलं दिसावं म्हणून कॅमेरा स्वतःकडे वळवला. तो कॅमेरा आरशासारखं दाखवतो, आणि या मोबाइलनं साठवलंही तसंच. फळ्यावरची अक्षरं असती तर उलटी दिसून लगेच कळलं असतं. त्या धड्यात फक्त हात होता आणि तांब्याची तार. उजवा हात डावा दिसत होता, आणि आवाजात ती म्हणत होती, "जेवायचा हात घ्या, मुलींनो. ज्यानं घास तोडता तो."

ज्यांनी तिला ऐकलं त्यांनी आपला जेवायचा हात उचलला. त्यांचं काही बिघडलं नाही. तोलबाच्या मदतनीस पोरांनी धडा ऐकला नाही, नुसतं चित्र उचललं. कागदाला आवाज नसतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते अवातिफच्या बाबतीत शब्दशः खरं झालं.

"रवान, हे उलटं आहे. हा माझाच हात आहे, कॅमेऱ्यानं उलटा केलाय. वायरला उजवा."

"आई, अख्खा हॉल डावा करतोय. सगळे चूक आणि तू एकटी बरोबर?"

"अगं, माझा हात आहे तो!"

"मग तूच डावा दाखवलास ना? दिसतोय की."

अवातिफनं सरकारी पाठ्यपुस्तक आणून उघडलं. तिथं उजवा हात होता. रवाननं बघितलंसुद्धा नाही. "उस्ताजनी सांगितलंय, शेवटच्या महिन्यात पुस्तक उघडायचं नाही. गोंधळ होतो."

ज्या मुलीला तिनं चालायला, बोलायला, वाचायला शिकवलं, ती मुलगी तिच्या जिवंत हातापेक्षा छापलेल्या हाताला मानत होती. अवातिफला राग यायला हवा होता. आला नाही. मग भाजी तशीच टाकून तिनं डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि सेंटर गाठलं.

तोलबा तिला पाहून उठून उभा राहिला. वागण्यात माणूस मोठा गोड. "या अब्ला, आमचं सेंटर उजळलं! चहा की बडीशेपेचं पाणी?"

तिनं पुस्तिका त्याच्यापुढे टाकली. "या चित्रातला हात कोणता?"

त्यानं पाहिलं, आपला हात उचलला, मूठ वळली, मग दुसरी वळली. देवमासा झाला तरी फिजिक्स शिकलेला होता. उठून त्यानं दार लावलं.

"मदतनीस पोरांनी केलंय. मी पाहिलं नाही."

"हात माझा आहे."

"तुम्हीच लिहिलंय ना, घ्या, वाटा, बदला?"

"नाव राहू द्या असंही लिहिलंय."

"नाव राहून गेलं, माफी असावी. पण अब्ला, चूक तुमची. मी फक्त छापली."

ते खरं होतं. चोराच्या उलट्या बोंबा असत्या तर ती भांडली असती. ही बोंब सुलटी होती. चूक तिच्या हातून निघाली होती आणि फुकट होती म्हणूनच इतकी लांब पोचली होती.

"मग तसंच सांगा," ती म्हणाली. "उद्याच्या तासाला माझं नाव घेऊन सांगा. अवातिफ चुकली म्हणा. मला चालेल."

"आणि पोरं विचारतील, देवमासा फुकटवालीच्या ताटात जेवतो का? अब्ला, पुढच्या वर्षाच्या जागा आत्ताच भरताहेत."

"मुलांचे गुण जातील, तोलबा!"

"एक प्रश्न. येईल, न येईल. अल्ला करीम आहे."

आपल्या आळसावर अल्लाचं पांघरूण इतक्या सहज घालणारा माणूस तिनं पाहिला नव्हता. तेवढ्यात चहा आला. चहा तसाच ठेवून ती निघाली.

दुसऱ्या दिवशी उम्म फारूकनं मोबाइल धरला आणि अवातिफनं चूक कबूल करून नवा धडा चढवला. ठळक लिहिलं, आधीचं चित्र उलटं होतं, ज्यांच्याकडे त्याची नक्कल असेल त्यांनी ती फाडून टाकावी. अस्वानहून आभार आले, येमेनहून दुवा आले. मीत गम्रमधून आलं ते असं: "गिऱ्हाईक नाही म्हणून जळफळाट." "देवमाशाला गळ टाकायला निघाली कोळीण." एकीनं तर विचारलं, "तुमची स्वतःची मुलगी कुठं शिकते, अब्ला?"

ते वाचून अवातिफनं मोबाइल पालथा ठेवला. उम्म फारूकला राहवलं नाही.

"अब्ला, माझ्याकडं बदकाची पिल्लं झाली होती. जागा नाही म्हणून गल्लीत फुकट वाटायला निघाले. एक घेईना. रोगट असतील म्हणाल्या. मग मी दाम सांगितला, तर त्याच बाया घासाघीस करून घेऊन गेल्या. पैसे लावा तुम्ही."

"जीभ आवर उम्म फारूक!"

"आवरली. बदकं मोठी झाली, एवढंच सांगते."

अवातिफ संतापून घरी निघाली. वाटेत सेंटरची गल्ली लागली. तास सुटायला वेळ होता, बाहेरच्या पायऱ्यांवर दुसऱ्या तुकडीची पोरं एकमेकांचा सराव घेत बसली होती. एकजण प्रश्न वाचायचा आणि ओळच्या ओळ हात उचलायची. सगळे डावे. सगळे अंगठे वर. मुली, मुलगे, कुणाच्या हातात घड्याळ, कुणाच्या मनगटाला निळा मणी, आणि प्रत्येक मुठीत अवातिफला आपली खूण दिसायला लागली. एवढ्या पोरांत एखादा मगदी असेलच, जो या एका गुणावर चाकापाशी जाऊन बसेल. ती तिथंच वळली आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात शिरली.

दुकान अम्म बर्सूमचं, म्हणजे बर्सूमकाकाचं. गावातल्या सगळ्या सुलतान-तोफांच्या पुस्तिका त्याच्याच यंत्रातून बाहेर पडतात. म्हातारा चष्मा कपाळावर चढवून तिनं काउंटरवरच लिहून दिलेला कागद वाचू लागला. उजव्या हाताची आकृती, खाली दोन ओळी: वायरला जेवायचा हात. शेवटच्या पुस्तिकेतलं चित्र उलटं आहे. आणि तळाला तिचं नाव.

"लागतील तेवढ्या काढ," ती म्हणाली. "पैसे मी देते. पायऱ्यांवर फुकट वाट."

"फुकट? अब्ला, फुकटच्या कागदात लोक तामियाची भजी बांधून नेतात." त्यानं कागद परत तिच्यापुढे ठेवला. "पोरांनी वाचावा असं वाटतंय ना? मग नाव खोडा आणि किंमत छापा."

"नाव का खोडू? मी काय चोर आहे?"

"चोराच्या नावानं खपेल एखादवेळी. फुकट शिकवणारीच्या नावानं नाही खपत."

अवातिफ काउंटर धरून उभी राहिली. आजवर ती गावोगाव एकच गोष्ट सांगत फिरली होती: किंमत काढून टाका, नाव ठेवा. आता हा म्हातारा तिला बरोबर उलटं करायला सांगत होता, आणि बाहेर पायऱ्यांवर डावे हात वर जात होते.

"तोलबाचं नाव घालायचं नाही," ती म्हणाली. "खोटं छापायचं नाही."

"मी कशाला घालू? वर एवढंच लिहितो, बाहेर दाखवू नये. काउंटरखालून काढीन, दबक्या आवाजात देईन. उरलेलं पोरं आपणहून करतात."

अवातिफनं त्याच्याकडचं पेन घेतलं आणि आपलं नाव स्वतः खोडलं. एका रेघेनं जाईना म्हणून दोनदा खोडलं.

त्यानंतर तिनं गल्ली टाळली. कागदाचं काय झालं ते विचारायचाही तिला धीर होईना. नवऱ्याशी ती कामापुरतं बोलत होती, मुलीशी तेवढंही नाही. रविवारी दुपारी ती मुलुखियाला लसणाची फोडणी देत होती तेव्हा रवान बाहेरून आली, स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि दप्तराच्या अस्तरातून एक घडी केलेला पिवळा कागद काढला. पोरीचे डोळे चमकत होते.

"आई, वायरला उजवा! जेवायचा हात!"

अवातिफच्या हातातला डाव तसाच राहिला. "कुणी सांगितलं?"

"हळू बोल. देवमाशानंच काढलंय हे, फक्त आतल्यांसाठी. पुस्तिकेत मुद्दाम उलटं छापलं होतं म्हणे, दुसऱ्या सेंटरवाल्यांनी चोरू नये म्हणून. सगळ्यांनी घेतलं. अम्म बर्सूमकडे रांग लागली होती. मी ईदीचे पैसे मोडले." तिनं उजवा हात उचलला, मूठ वळली, अंगठा वर केला. सफाईदार. मग जरा ओशाळून म्हणाली, "तू म्हणत होतीस ते बरोबर निघालं बघ."

फोडणी करपायला लागली होती. अवातिफनं गॅस बंद केला. तिला हसू येत होतं की रडू, तिचं तिलाच कळेना. उजवा हात बरोबर वर गेला होता. साऱ्या हॉलचा गेला असणार. तिला हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि तिच्या वाट्याला त्यातलं काही आलं नव्हतं.

रवाननं कागदाची पुन्हा नीट घडी केली. "आणि आई, एक ऐक. हे तुझ्या चॅनलवर टाकू नकोस हं. पैसे देऊन घेतलंय आम्ही. फुकट वाटलंस तर त्याला काय किंमत राहील?"

चॅनलवर तो धडा केव्हापासून पडून होता. अवातिफनं मुलीकडे पाहिलं, खूण असलेला हात झग्याला पुसला आणि "नाही टाकत" एवढंच म्हणाली. मग तिनं भाकरी पुढे ठेवली, भाजी वाढली, आणि रवान त्याच उजव्या हातानं घास तोडून जेवायला लागली.